बर्फाआधीची शाकारणी

आमच्या कोकणात वैशाख सरत आला की बंदरावर शाकारणीची धांदल उडते. होड्या ओढून वाळूवर घ्यायच्या, ओंडक्यांवर नीट टेकवायच्या, वरून माडाच्या झापांचे छप्पर घालायचे आणि समुद्राकडे पाठ करून पावसाळाभर निजू द्यायच्या. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ मिळाला की मग त्या डोळे चोळीत उठतात. पाणी खवळणार म्हणून होडीने जमिनीवर यावे, हे शहाणपण आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण पाणी खवळणार नाही, उलट एके दिवशी निमूटपणे दगड होऊन बसणार आहे, हे माहीत असूनही होडी पाण्यातच ठेवायची आणि वर तिच्यात संसार थाटायचा, हे धाडस मी पाहिले ते स्टॉकहोमला.

तिकडे मी हौसेने गेलो नव्हतो. ताईचा वकील म्हणून गेलो होतो. माझी भाची आणि जावईबापू दोघे नोकरीनिमित्त त्या शहरी असतात. स्टॉकहोमात भाड्याच्या घरासाठी शहराची प्रतीक्षायादी असते आणि मध्यवस्तीत घर मिळायला दहा-दहा वर्षे सहज जातात. तेव्हा या जोडप्याने काय करावे? एक जुनी, बारा मीटर लांबीची, ओकच्या फळ्यांची नाव विकत घेतली आणि तिच्यातच राहायला गेले! जावई मूळचे नागपूरचे. या गृहस्थाने वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. ही वार्ता पुण्याला पोचली आणि ताईच्या घशाखाली घास उतरेना. २०२३ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. कॉलेजला सुट्टी होतीच. ताईने तिकीट हातात ठेवले आणि बजावले, “दोन्ही डोळे उघडे ठेवून बघ. राहण्याजोगं नसलं तर त्या दोघांना कान धरून जमिनीवर आण. हा हिवाळा त्यांनी तिथे काढायचा की नाही, ते तू सांगशील तसं.” निघताना चिवडा आणि भाजणीच्या चकल्या यांचे दोन डबे दिले. युरोपात बाहेरून दुधातुपाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणून लाडवांना घरीच राहावे लागले. ताईच्या रागाचे ते आणखी एक कारण.

स्टॉकहोम हे बेटांवर वसलेले शहर. मुख्य शहर चौदा बेटांवर पसरले आहे असे सांगतात. पश्चिमेकडे मेलारेन नावाचे मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आणि पूर्वेला बाल्टिक समुद्र. मधोमध जुने शहर, दोन पाण्यांच्या वेशीवर पहारा केल्यासारखे उभे. सरोवराची पातळी समुद्राहून साधारण पाऊण मीटर उंच. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जायचे तर जलपाशातून नावेला पायरी उतरावी लागते. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी मेलारेन ही समुद्राचीच खाडी होती. हिमयुगात या भूमीवर बर्फाचे प्रचंड ओझे होते. ते उतरल्यापासून ही जमीन अजून हळूहळू वर येत आहे, आणि त्या वर येण्यानेच खाडीचे सरोवर झाले. म्हणजे ज्या बर्फाची आम्ही नोव्हेंबरात वाट पाहत होतो, त्याच्याच एका थोर पूर्वजाने ते शहर घडवले!

शहराला जुन्या नावांचा लोभही मोठा. शेप्सहोल्मेन बेटाच्या काठाला ‘आफ चॅपमन’ हे तीन डोलकाठ्यांचे पांढरे गलबत उभे आहे. ते १८८८ साली इंग्लंडात बांधले आणि १९४९पासून तरुण प्रवाशांची धर्मशाळा म्हणून पाण्यातच उभे आहे. यूरगोर्डेनच्या धक्क्याला १९१५ साली बांधलेले ‘सांक्त एरिक’ हे बर्फफोडे जहाज आता वस्तुसंग्रह म्हणून विसावले आहे. त्याच्याच शेजारी ‘वासा’. ही युद्धनौका १६२८ साली पहिल्याच सफरीला निघाली, जेमतेम तेराशे मीटर गेली आणि वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाली. १९६१ साली तिला वर काढली तेव्हा लाकूड जवळजवळ शाबूत! कारण बाल्टिकचे पाणी इतके मचूळ की लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा तिथे जगत नाही. आपल्या किनाऱ्यावर त्याच किड्याच्या भीतीने होडीच्या तळाला तेलाचे हात द्यावे लागतात. थोडक्यात, तिकडच्या लाकडाला किड्याचे भय नाही. भय आहे ते बर्फाचे.

भाचीची नाव सरोवराच्या बाजूला, शहरापासून जरा दूर, एका लहानशा बंदरात होती. मी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि सूर्यनारायण मावळायच्या तयारीत होते. बंदरात सर्वत्र आवराआवर दिसत होती. बहुतेक नावा क्रेनने उचलून काठावर ठेवल्या होत्या; लाकडी घोड्यांवर, ताडपत्रीची बुंथी घेऊन त्या ओळीने बसल्या होत्या. मला आमचे बंदर आठवले. झापांऐवजी ताडपत्री एवढाच फरक.

“मग तुमचीच पाण्यात का?” मी विचारले.

“मामा, घर क्रेनवर कसं चढवायचं?” भाची हसून म्हणाली.

तिचे उत्तर खरे होते, पण अपुरे होते. ते पुरे केले शेजारच्या नावेवरच्या आजोबांनी. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवलेले हे गृहस्थ बारा महिने पाण्यावर राहत. ते म्हणाले, लाकडी नाव जमिनीवर फार दिवस ठेवली की सुकते, फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. वसंतात पाण्यात सोडली की चाळणी! पाण्यात राहिली तर लाकूड फुगलेले राहते आणि सांधे आपोआप मिटलेले राहतात. म्हणजे जे पाणी हिवाळ्यात तिचे वैरी होते, तेच तिचे औषधही. संसारात अशी माणसे असतात. पाण्यातही असतात हे नवे कळले.

आता हे वैर म्हणजे नेमके काय, ते सांगायला हवे. बाकीचे पदार्थ गार होताना आकसत जातात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसपर्यंतच आकसते. त्याखाली गेले की पुन्हा फुगू लागते, आणि बर्फ होताना एकदम सुमारे नऊ टक्के वाढते. बंद नळीतल्या पाण्याला वाढायला जागा नसली तर ते लोखंडालाही तडा देते. हा झाला अपकार. उपकार असा की ४ अंशांचे पाणी सर्वांत जड, म्हणून ते तळाशी बसते आणि त्याहून गार पाणी वर तरंगते. सरोवर त्यामुळे वरून गोठते, तळाशी थोडी ऊब शिल्लक राहते. मासे त्या उबेवर हिवाळा काढतात आणि भाचीसारख्या लोकांच्या नावाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाकारणीला प्रारंभ झाला. मला वाटले होते दोन-चार दोर आवळले की संपले. चांगले चार दिवस लागले!

पहिला मान इंजिनाचा. नावेचे इंजिन थंड राहण्यासाठी बाहेरचे पाणी आत ओढते. ते पोटात राहून गोठले तर इंजिनाचा ठोकळाच फुटतो. जावईबापूंनी पाणी आत घेणारी तळाची तोटी बंद केली, नळीचे टोक गुलाबी द्रावाच्या बादलीत बुडवले आणि इंजिन सुरू केले. हा द्राव प्रोपिलीन ग्लायकॉलचा. त्याचा भाऊबंद एथिलीन ग्लायकॉल हा विषारी, म्हणून पाण्याच्या टाक्यांजवळ त्याला थारा देत नाहीत. मागच्या नळकांड्यातून आधी साधे पाणी आले, मग फिकट, मग चांगली गुलाबी धार. “रंग आला!” जावई ओरडले. रंगपंचमीत सुद्धा कोणी रंगाची इतकी वाट पाहिली नसेल.

मग तळाच्या तोट्या. नावेच्या पोटाला पाण्याखाली अशी चार-पाच भोके असतात आणि प्रत्येकावर एक तोटी. तोटी नुसती बंद करून भागत नाही, कारण तिच्या आतल्या गोळ्यात घोटभर पाणी अडकून राहते. ते गोठले तर पितळ तडकते. आणि गंमत पाहा, तडकल्यावर नाव बुडत नाही! बर्फाचेच बूच बसलेले असते. थंडी सरते, ऊन पडते, सगळे जण निःश्वास सोडतात, आणि मग बूच विरघळते. आजोबा म्हणाले, “नाव बुडते ती पुष्कळदा वसंतात.” हे वाक्य मी टिपून घेतले. भाचीच्या नावेत शेगडीची ऊब असते, तरी प्रत्येक तोटीतले पाणी काढून तिथे द्राव भरला. कारण शेगडी एक रात्र विझू शकते.

पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी केली. धक्क्यावरचा नळ तर थंडीपूर्वी बंदच करतात. तेव्हा चार महिने बंदराच्या इमारतीतून कॅन भरून आणायचे. सभोवार एवढे मोठे सरोवर आणि पिण्याच्या पाण्यासाठी हातात कॅन! ताईला हे कळवले तेव्हा ती म्हणाली, “मग त्यात काय, पुण्यात आम्ही तेच करतो.” तिच्या आवाजातला कडकपणा जरासा सैल झाला असे मला वाटले.

डिझेलची टाकी मात्र रिकामी करायची नाही, काठोकाठ भरायची. मोकळ्या जागेत दमट हवा राहिली की तिचे पाणी होऊन तेलात उतरते. बॅटऱ्याही भरलेल्या हव्यात. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे पन्नासालाही गोठत नाही. रिकामी बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठून फुटते. शिदोरी असलेला माणूस थंडी काढतो, उपाशी माणूस नाही, हाच न्याय.

तिसऱ्या दिवशी छप्पर. लाकडी कमानी उभारून वरून ताडपत्री, उतार चांगला तीव्र, म्हणजे बर्फ घसरून पडेल. साचलेल्या बर्फाचे वजन भलते असते. ते मागच्या बाजूला बसले की नाव मागे दबते, आणि एरवी पाण्याच्या वर असणारी भोके पाण्याखाली जातात. पण छप्पर घट्ट बंदही करायचे नाही. वारा खेळला नाही तर आतल्या श्वासांचे आणि स्वयंपाकाचे दव लाकडात मुरते व लाकूड कुजते. आणि त्याहून वाईट म्हणजे शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. बंद खोलीत निजलेला माणूस उठतच नाही. नावेत त्याची सूचना देणारी दोन यंत्रे होती. एक शेगडीपाशी, एक उशापाशी. मी ती दोन्ही दाबून वाजवून पाहिली. वकिलाने पुरावा तपासला पाहिजे.

चौथ्या दिवशी मुख्य काम, बर्फाला नावेपासून दूर ठेवण्याचे. पाण्याच्या रेषेवर नावेच्या अंगाला पत्र्याचा पट्टा ठोकलेला होताच. वाऱ्याने हलणारा पातळ बर्फ लाकडाला करवतीसारखा कापतो, त्यापासून हे चिलखत. पण जाड बर्फाने नावेला घट्ट धरले आणि मग पाण्याची पातळी हलली, तर सांध्यांत ठोकून भरलेला काथ्या तो ओढून बाहेर काढतो. त्यावर उपाय बुडबुड्यांचा. धक्क्यावर हवेचा एक लहान पंप ठेवतात. त्याची बारीक भोके पाडलेली नळी वजने बांधून नावेखाली, तळाजवळ सोडतात. बुडबुडे वर येताना तळाचे उबदार पाणी सोबत घेऊन येतात आणि नावेभोवती हातभर पाणी मोकळे राहते. ऊब म्हणजे केवढी? दोन-तीन अंशांची! पण तेवढीही पुरते. समुद्राच्या बाजूला हे गणित थोडे निराळे. तिथले मचूळ पाणी शून्याच्या जरासे खाली गोठते, आणि सरोवरातून आलेले हलके गोडे पाणी त्याच्यावर सायीसारखे पसरलेले असते. तरी खेळ तोच, खालचे वर आणण्याचा.

पंप सुरू झाला आणि काळ्या पाण्यातून बुडबुड्यांची माळ वर आली. मी म्हटले, “मग जोरात चालवा ना! सगळं बंदरच मोकळं राहील.”

आजोबांनी मान हलवली. बर्फ धरला की या सरोवरावर लोक लांबलांबच्या पल्ल्यांचे स्केटिंग करतात, पोरेबाळे काठाने चालतात. आपण मोकळे केलेले पाणी बर्फाखालून दूरवर पसरले तर कुणाच्या तरी पायाखालचा बर्फ पातळ होतो आणि वरून दिसत नाही. म्हणून पंप गरजेपुरताच चालवायचा आणि कडेने खुणेच्या काठ्या लावायच्या. त्यांनी गळ्यातली दोरी मला दाखवली. तिला लाकडी मुठीचे दोन टोकदार खिळे होते. बर्फ फुटून पाण्यात पडलेच तर ते खिळे बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचे. हिवाळाभर ते गळ्यातून काढायचे नाहीत. भाचीच्या गळ्यातही तशीच दोरी होती, मंगळसूत्राच्या जोडीला.

लक्ष्मीपूजन नावेतच झाले. आत उघडी ज्योत नको म्हणून पणत्या काचेच्या बरण्यांत ठेवून धक्क्यावर मांडल्या. आजोबा चकली हातात घेऊन बराच वेळ तिचे वळसे निरखत बसले. मग म्हणाले, दोर असाच गुंडाळावा. त्यांना दुसरी दिली.

निघायच्या आदल्या सकाळी काठच्या गवतात, निवाऱ्याच्या जागी, पाण्यावर काचेचा पापुद्रा दिसला. बोट लावताच मोडला. बर्फाचा पहिला जासूद येऊन गेला होता. त्या रात्री ताईला अहवाल दिला. मी म्हणालो, “ताई, निर्धास्त राहा असं मी सांगणार नाही. दोघांनी सगळं समजून केलंय आणि शेजार चांगला आहे, एवढं डोळ्यांनी पाहिलं. बाकी बर्फ सांगेल.” ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बरं. एक हिवाळा बघू. काही झालं तर नाव विकायची.” भाचीने ते मान्य केले.

बर्फ बोलला तो जानेवारीत. २०२४च्या पहिल्या आठवड्यात स्वीडनवर थंडीची मोठी लाट आली. उत्तरेकडे पारा उणे ४३च्याही खाली उतरला. भाचीच्या बंदरात उणे पंधरा होते. एका रात्री दोनच्या सुमारास तिला जाग आली. कशाने, ते क्षणभर उमगेना. मग ध्यानात आले की बुडबुड थांबली आहे! दीड महिना अंगवळणी पडलेला आवाज बंद झाला होता. धक्क्यावरची वीज गेली होती आणि पंप मुका झाला होता.

दोघे बाहेर आली तेव्हा आजोबा कंदील घेऊन आधीच उभे होते. कोणी आरडाओरडा केला नाही. लांब बांबू घेतले आणि नावेभोवती फिरत, धरू पाहणारी कवची मोडत राहिले. इकडची मोडावी तोवर तिकडची धरे. पाळ्या लावल्या, एकाने आत शेगडीपाशी बोटे शेकायची, दोघांनी बाहेर राहायचे. आधी भाचीच्या नावेभोवती एक फेरी, मग आजोबांच्या. पाच वाजता वीज आली. पंप एकदा खोकला आणि पुन्हा बुडबुडे वर आले. भाची सांगत होती, “मामा, आम्ही तिघं तिथेच बसलो आणि नुसतं ऐकत राहिलो.”

सकाळी पाहिले तर पत्र्याच्या पट्ट्याच्या वर एका फळीला वीतभर ओरखडा होता. बाकी नाव कोरडी. एप्रिलात सरोवर पूर्ण मोकळे झाले, तोट्या एकेक करून उघडल्या, आणि वसंतात बुडणाऱ्या नावांत भाचीची नाव नव्हती.

ही हकीकत ताईला मी सांगावी असे ठरले होते, पण भाचीने स्वतःच सगळी सांगितली, ओरखड्यासकट. मी पुण्याला ताईकडे गेलो तेव्हा ती जुन्या नऊवारी लुगड्यांचा ढीग पुढे घेऊन बसली होती. नावेत निजायची जागा पुढे नाळेकडे असते. पायाशी निमुळती, डोक्याशी रुंद, म्हणजे चक्क त्रिकोणी. तिला बाजारातली कोणतीही रजई नीट बसत नाही, हे मीच कधीतरी बोललो होतो. ताईने चष्मा वर केला आणि म्हणाली, “बरा आलास. तिला विचारून तिन्ही बाजूंची मापं मागव. गोधडी पुढच्या थंडीच्या आत पोचली पाहिजे.”